तळहाताने ऐकलेली कॅसेट

आमचे हे वरातीत नाचायला उतरले की बँडवाले त्यांच्या पायांकडे बघून वाजवायचे. लग्नाआधी मी ते एकदा पाहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यावरच भाळले होते. पुढे भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर पत्रे ठोकण्यात त्यांची वर्षं गेली आणि कानही गेले. ठार बहिरे झाले नाहीत, पण बारीक आवाज पोचेनासे झाले. दार आपटलं की कळायचं, मी हाक मारलेली कळायची नाही. कधीकधी ते सोयीचंही होतं म्हणा, त्यांना.

एका वरातीत बँड मध्येच थांबला आणि हे आपले नाचतच राहिले. लोक खो खो हसले. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर मीही हसले असते. त्या दिवसापासून नाच बंद. कुठलीही वरात असो, हे सगळ्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून चालायचे.

अशात थेरगावला धाकट्या दिरांचं लग्न ठरलं. सख्ख्या भावाच्या वरातीतही हे हात बांधूनच चालणार? माझं डोकंच फिरलं.

आमच्या खोलीखाली एका चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दोन टेपरेकॉर्डर वायरीने जोडायचे, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर भरायचं आणि नेमक्या क्षणी पॉजचं बटण सोडायचं, हे त्यांनी मला शिकवलं. ‘‘भाभी, जोड ऐसा लगाओ के पाँव को पता न चले,’’ म्हणायचे. वरातीसाठी मी एक सलग कॅसेट करायला बसले. एके दिवशी पहिल्या शिफ्टहून आलेले हे दुकानात डोकावले, लाकडी स्पीकरवर सहज हात टेकला आणि म्हणाले, ‘‘अगं, हे कळतंय मला.’’

मग निवड त्यांच्या तळहाताने झाली. मान हलली की गाणं आत, हात उचलला की बाहेर. व्हायोलिनची सगळी गाणी गेली, माझ्या आवडत्या गोड गळ्याच्या बायका गेल्या. राहिली हलगी, संबळ, लेझीमचा ढोल, कव्वालीतला ढोलक आणि ट्रकवाल्यांनी चाचांकडे विसरलेल्या कॅसेटमधला पंजाबी ढोल. एक इंग्रजी डिस्कोची कॅसेट होती. गाणारा काय म्हणतो ते चाचांनाही कळत नव्हतं, पण खालून असा दणका, की हे म्हणाले, ‘‘ही तर आमची प्रेस!’’ हलगी संपते तिथेच मी तो डिस्को जोडला. जोड जरा चुकला तरी ह्यांचा तळवा सांगायचा, ‘‘अडखळलं.’’ की पुन्हा भरा! चाचांनी टेप आणि स्पीकर उसने दिले तेव्हा खोलीत स्टो आणि खाटेच्या मधल्या जागेत, एक हात स्पीकरवर ठेवून, हे रोज अख्खी कॅसेट नाचूही लागले. किती दिवसांनी मी त्यांना तसं पाहत होते!

वरात दिवेलागणीला निघाली. टेम्पोवर पत्र्याचे कर्णे बांधलेले. कॅसेट सुरू झाली. कर्ण्यातून नुसती किरकिर. आमचा सगळा दणका त्या पत्र्याने खाऊन टाकला होता. लाकडी स्पीकरवर घासूनपुसून तयारी केली, कर्ण्याचा विचारच कुणाच्या डोक्यात आला नव्हता. ह्यांनी टेम्पोच्या फळीला हात लावून पाहिला. हाताला लागली ती इंजिनची थरथर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले.

मी पदर खोचला आणि त्यांच्यासमोर जाऊन नाचायला लागले. थेरगावात तेव्हा घरची सून वरातीत नाचत नसे. ‘‘अगं ए, लाज हाय का न्हाई?’’ सासूबाई ओरडल्या. मला स्वच्छ ऐकू आलं, माझे कान शाबूत होते. हे माझ्या पायांकडे बघत होते. बघता बघता त्यांना कळलं, की हलगी चालू आहे. हात सुटले. पाय उचलले गेले. लोकांनी बाजूला होऊन जागा केली. आता हसत कुणीच नव्हतं.

मला इतका आनंद झाला, की कॅसेटचं भानच राहिलं नाही. हलगी संपली, जोड आला, आणि हे नेमके त्या क्षणी डिस्कोत वळले. माझे पाय अजून हलगीतच होते.