शेवटची वीत

नांदुऱ्याच्या कब्रस्तानात कबरी खणणारे हबीबभाई गेल्या उन्हाळ्यात, एका गुरुवारी पहाटे, राहत्या घरी वारले. दफन दुपारच्या नमाजनंतर ठरले. सकाळी उन्हे चढायच्या आत त्यांची कबर खणून झाली होती, वीतभर सोडून.

ही वीत त्यांचीच पद्धत. कबर पुरी खोल होत आली की ते वर यायचे, कुदळ कडेला ठेवायचे आणि घरच्यांची वाट बघायचे. तळाची शेवटची वीत मेलेल्याच्या रक्ताच्या माणसानेच खणायची. "मी तं मजूर माणूस," ते म्हणायचे. "तुमच्या बापाची शेवटची वीत मी काऊन खंदू?"

कब्रस्तानाची पडलेली भिंत बघायला मी बातमीदार म्हणून गेलो, त्या दिवशी एका कापड दुकानदाराची कबर चालू होती. मुलगा पुण्याहून आला होता. कंबर दुखते, दुसऱ्या कोणाला तरी उतरवा, असे तो म्हणाला. हबीबभाईंनी त्याला लहानपणापासून पाहिलेले होते.

"बाप तुले खांद्यावर घेऊन उरुसात फिरे, तवा त्याची कंबर दुखत नोती काय बे?"

मुलगा उतरला. कुदळ त्याला धड धरता येईना.

"कुदळ हाये ते, मोबाइल नोहे. दोन्ही हातानं धर."

वर उभे असलेले हसले. मुलगाही हसला, मग खाली बसून रडला. हबीबभाई दुसरीकडे जाऊन बाभळीची रोपे उपटू लागले. माणूस खाली असताना ते कधी आत डोकावत नसत.

पावसाळ्यात काळी माती खचे, उन्हाळ्यात भेगाळे. खचलेल्या कबरी भरणे, गवत काढणे, फाटक लावणे ही कामेही त्यांचीच. दुपारचा डबा त्यांची एकुलती एक मुलगी नसीम आणायची. ती शिवणकाम करी. बायकांनी आत जायचा रिवाज नव्हता, म्हणून ती फाटकाशी थांबे आणि ते बाहेर निंबाखाली जेवत. एकदा मी तिथे असताना तिने विचारले,

"अब्बा, तुमची वीत कोण खंदीन?"

"पोट्टा तं नाही मले."

"पोट्टी हाये ना."

"पोट्टीनं आंधी भाजीत मीठ टाकाले शिकावं."

"हसू नका. सांगा."

त्यांनी तोंडातला घास संपवला. मग पाणी प्यायले. "माती सक्त हाये," ते म्हणाले. "हाताले फोड येतात."

याला होकार म्हणायचे की नकार, हे तिने विचारले नाही.

त्या गुरुवारी वडनेर भोलजीहून आलेल्या दोघा भावांनी कबर खणली, वीत सोडली आणि ते वर येऊन बसले. कब्रस्तान कमिटीच्या अध्यक्षांनी सांगितले, उरकून टाका. दोघे उठले नाहीत. "आमच्या बापाची बी त्यायनं आमच्याच हातानं खंदून घेतली," त्यातला थोरला म्हणाला. "आम्ही नाही खंदत." हबीबभाईंचा मेहुणा, नसीमचा मामा, पुढे झाला. त्याला दोघांनी थांबवले. तो रक्ताचा नव्हता.

तेवढ्यात नसीम फाटकाशी आली.

"वीत बाकी हाये ना?"

"पोरी, बाईमाणसाचा आत यायचा रिवाज नाही," अध्यक्ष म्हणाले.

"वीत ठेवाचा रिवाज अब्बाचाच व्हता, चाचा. तो तं तुम्ही सगळ्यायनं पाळला."

अध्यक्षांनी मौलानांकडे पाहिले. मौलाना म्हणाले, "मय्यत अजून घरी आहे. आत्ता ही नुसती जमीन आहे. येऊ द्या तिला."

नसीम आत आली. तिने ओढणी कमरेला बांधली. उतरताना मामाने हात दिला, तो धरला. ती खाली असताना दोघे खणणारे पाठ फिरवून उभे राहिले, मग बाकीचेही. बराच वेळ कुदळीचा आवाज येत होता.

वर आल्यावर तिने कुदळ थोरल्याच्या हातात परत दिली. तिच्या उजव्या तळहाताला फोड आला होता.