येताना गाडीतून काय काढलंत?

"फॉल्ट ना म्हणून लिहून दी, बाय. सही कर, शिक्को मार. ह्याका मी आजच घरा धाडतां."

पात्रांव काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून उभे होते. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. पात्रांव म्हणजे मालक. आमच्याकडे गोव्यात ड्रायव्हर, कामगार सगळे मालकाला असंच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. राहणारे पेडण्याकडच्या पार्शाचे. सुर्ल्याला त्यांचे खनिज वाहणारे टिपर आहेत. 'ह्याका' म्हणजे त्यांचा ड्रायव्हर बाबल. बांद्याकडचा, पन्नाशी उलटलेला, अबोल माणूस. तो दाराजवळ गाडीची चावी मुठीत धरून उभा होता.

मी डिचोलीतल्या एका कार वर्कशॉपमध्ये डायग्नोस्टिक टेक्निशियन आहे. गाडीला लॅपटॉप जोडायचा आणि तिला कुठे दुखतंय ते वाचायचं, हे माझं काम. सोळा वर्षं झाली. तरी आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माझ्याच टेबलासमोर येऊन विचारतो, "मेकॅनिक खंय आसा?" मी म्हणते, "तुमच्या पुढ्यात बसलाय." मग तो हसतो आणि तरीही मागे बघतो. असो.

पात्रांवची गाडी नवी आणि महागातली. अशा गाड्यांत ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टिम येते. ती मुख्यत्वे दोन कामं करते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून गाडी मधोमध ठेवते, त्याला लेन असिस्ट म्हणतात. आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपणहून वेग कमी-जास्त करते, ब्रेकसुद्धा लावते, ते अडॅप्टिव्ह क्रूझ. त्यासाठी बंपरमागे एक रडार असतं आणि आत आरशामागे, काचेला चिकटून, एक कॅमेरा. ह्या मॉडेलमध्ये दोघांपैकी एकाला दिसेनासं झालं की दोन्ही कामं बंद. टिंग असा आवाज होतो, मीटरवर पिवळी अक्षरं येतात आणि गाडी तुमच्या हवाली. तुमचा पाय त्या क्षणी कुठे आहे ह्याची तिला पर्वा नाही. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय, 'चालकाने सदैव सावध राहावे.' लिहिणाऱ्याच्या बापाचं काय जातंय!

बाबलची तक्रार एकच होती: गाडी मध्येच सोडते. तो ही तक्रार तिसऱ्यांदा घेऊन आला होता.

पहिल्या वेळी मी स्कॅनर लावला. एकही कोड नाही. कोड म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवून ठेवलेली तक्रार. भर दुपारी बाराला शिरगावपर्यंत जाऊन आले, सिस्टिम शहाण्या मुलीसारखी चालली. बाबलला विचारलं, "गाडीत बाहेरून काही बसवलंय? जादा लाइट, हॉर्न, काचेवर फिल्म, काही ॲक्सेसरी?" तो म्हणाला, "काय नाय, बाय." मी लिहिलं, नो फॉल्ट फाउंड. आमच्या धंद्यातले हे तीन शब्द म्हणजे हात वर करायची सभ्य पद्धत.

दुसऱ्या वेळी त्याने जागा सांगितली. सकाळी, अस्नोडा सोडल्यावर. मला वाटलं, खाणीकडची लाल धूळ रडारवर बसत असणार. बंपर धुतला, रडार पुसलं, सॉफ्टवेअर अपडेट केलं, कॅमेरा कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याची नजर पुन्हा सरळ करून घेतली. अख्खा दिवस घालवला. परत चालवून बघितली, परत काही नाही. परत तेच तीन शब्द, खाली माझीच सही.

आणि आज सकाळी अस्नोड्यापुढे, मुळगावच्या वळणावर पुढचा टिपर हळू झाला. क्रूझने ब्रेक लावायला घेतला आणि मध्येच टिंग. ब्रेक सुटला. बाबलने जिवाच्या आकांताने पाय मारला. टिपरच्या फळीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागे पात्रांव फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होते, बेल्ट न लावता. ते पुढच्या सीटवर जाऊन आदळले.

"न्हिदलो हो," पात्रांव बाबलकडे बोट दाखवून म्हणाले. म्हणजे हा झोपला. "टिंग बींग कांय ना. मी आयकूंक ना."

"तुम्ही फोनवर होतात ना?"

"म्हणून कितें जालें? तुज्या कॉम्प्युटरान दोन खेपे सांगलां, फॉल्ट ना. मगे फॉल्ट कोणाचो?"

माझेच कागद माझ्याच तोंडावर. आमचे मॅनेजर मला केबिनमध्ये घेऊन गेले. "दोनदा लिहिलंस, तिसऱ्यांदा लिही. कस्टमर स्वतःच म्हणतोय गाडी चांगली आहे. असं भाग्य आपल्याला कधी मिळतं?"

मी बाहेर आले तर बाबल पाण्याच्या पिंपापाशी होता. म्हणाला, "बाय, नोकरी गेली तर दुसरी मेळात. पण निजणारो ड्रायव्हर म्हणान एकदा नाव पडला ना, तर बांद्यापासून डिचोलीपर्यंत कोण माका स्टिअरिंगाक हात लावक देवचो नाय. तीस वर्षां गाडी चलवतंय. देवाशप्पत सांगतंय, माझे डोळे उघडे हुते."

मला त्याचा राग आला. खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, माझी तरी सुटका झाली असती. पण तिसऱ्यांदा येऊनसुद्धा तो शब्दाने बदलत नव्हता. तीच जागा, तीच वेळ.

मी पात्रांवना सांगितलं, "उद्या तुमच्याच घरून, तुमच्याच वेळेला, तुमच्याच रस्त्याने गाडी बघते. काही सापडलं नाही तर सही, शिक्का, सगळं देते."

"आनी सांपडलें जाल्यार?"

"तेही लिहून देईन."

पेडण्याला माझं माहेर. तिथे मुक्काम टाकला आणि सकाळी भावाच्या स्कूटरवरून पार्शाला पोचले. पात्रांवच्या दारात पोदेर नुकताच पाव देऊन गेला होता. त्यांच्या आईंनी मला चहा आणि कडक उंडा पाव दिला, घेतल्याशिवाय हलूच दिलं नाही. मग त्या अबोलीची दोन फुलं घेऊन गाडीत वाकल्या. डॅशबोर्डवर त्यांच्या कुळदेवीची पितळेची लहानशी मूर्ती होती, मागे तळहाताएवढी प्रभावळ, दर आठवड्याला चिंचेने घासून लखलखीत केलेली. आईंनी फुलं वाहिली. मीही हात जोडले आणि लॅपटॉप उघडला. हो, हात जोडले आणि लॅपटॉप उघडला! सोळा वर्षांचा अनुभव!

बाबल चालवायला, त्याच्या शेजारी मी, मागे पात्रांव. त्यांना मी बेल्ट लावायला लावला. लॅपटॉपवर कॅमेरा आणि रडारची स्थिती ओळीने दिसत होती. म्हापशापर्यंत काही नाही. अस्नोड्यापर्यंत काही नाही. पात्रांव मागून घसा खाकरत होते. पूल ओलांडला, रस्ता डिचोलीकडे वळला, ऊन समोर आलं.

टिंग.

"आयकलांत?" बाबल मोठ्याने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच पात्रांववर आवाज चढवला असावा त्याने.

लॅपटॉपवर रडार ठीक होतं. कॅमेऱ्यापुढे लिहून आलं होतं, दृष्टी अडलेली. दोन सेकंदांनी आपोआप 'ठीक'. मग कोड कसा उमटणार? गाडीच्या मते हे काही बिघडणं नव्हे, डोळ्यावर तिरीप आली की आपण डोळे मिटतो तसं. ती नोंदसुद्धा ठेवत नाही. "पुन्हा चालू करा," मी म्हटलं. पुन्हा टिंग.

काच स्वच्छ होती. बाहेर काही नव्हतं. मग मला आरशाखाली काचेवर एक सोनेरी कवडसा नाचताना दिसला. गाडी हलली की तो हलायचा. माझी नजर काचेवरून खाली खाली आली आणि देवीच्या पाठीपाशी थांबली. मूर्तीचं तोंड आमच्याकडे, प्रभावळीची घासलेली पाठ काचेकडे. समोरचं ऊन प्रभावळीवर, तिथून काचेवर, काचेवरून थेट कॅमेऱ्यात.

माझ्या हातात तक्रारी लिहून घ्यायच्या जॉबकार्डांचं पॅड होतं. ते मी प्रभावळीमागे उभं केलं.

"बाय, देवार कागद नको गो!"

"देवावर नाही, देवामागे धरलाय. तुम्ही चालवा."

मुळगाव येईपर्यंत एकदाही सुटलं नाही. पॅड काढलं, टिंग. लावलं, शांत. पात्रांवना खात्री पटावी म्हणून तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी मागून आवाज आला, "पुरो."

मी गाडी बाजूला घ्यायला लावली. "बाबल, ही मूर्ती वर्कशॉपला आलात तेव्हा कुठे होती?"

"माझ्या पिशयेत."

"पिशवीत?"

"आयेचो हुकूम आसा. गॅरेजात देव न्हेवचो नाय, लोकांचे तेलकट हात लागतत. गेटार गाडी थांबवतंय, देवीक काडतंय, फडक्यात गुंडाळून पिशयेत ठेवतंय. जाताना परत बसयतंय."

"अहो, मग मला सांगायचं नाही? मी विचारलं होतं, काही बसवलंय का, ॲक्सेसरी आहे का!"

बाबलने माझ्याकडे असं बघितलं की मीच लाजले. "देव म्हणजे ॲक्सेसरी काय, बाय?"

जळ्ळं माझं नशीब! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी अख्खा दिवस बंपर धूत होते आणि फॉल्ट फडक्यात गुंडाळून माझ्या काउंटरसमोर बाकावर बसला होता.

पात्रांवचा चेहरा मात्र लाल झाला. "म्हणजे देवीचो दोस?"

"देवीचा नाही, जागेचा."

"आवयक तूं सांग. माका धीर ना." आणि त्यांनी खरोखरच फोन लावून स्पीकरवर टाकला. मी आईंना जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. पलीकडे त्यांनी कोंबड्या हाकलल्या. मग त्या मुलाला म्हणाल्या, "देवी राखणेक बसल्या, रे. गाडी चलोवंक बाबल आसा. तिका सकयल बसय आनी ताका गाळी घालूं नाका."

पात्रांवनी फोन खिशात टाकला. बाबलने देवीला उचलून खाली गिअरपुढच्या कप्प्यात बसवलं, फुलांसकट. सुर्ल्यापर्यंत एकदाही टिंग झालं नाही.

दुपारी दोघं कागद न्यायला वर्कशॉपला आले. मी इंग्रजीत रिपोर्ट टाइप केला: डॅशबोर्डवरील चकाकत्या वस्तूच्या परावर्तनामुळे कॅमेरा तात्पुरता निकामी, सिस्टिम आपोआप बंद, तक्रार खरी, आधीचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे. मॅनेजरनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काढ. आपण चुकलो असं वर्कशॉप कधी लिहीत नाही."

"वर्कशॉपने लिहू नये. त्या दोन्हींवर सही माझी आहे."

ते पुटपुटत गेले, पण शिक्का टेबलावरच ठेवून गेले.

पात्रांवनी रिपोर्ट वाचला. बाबलला सॉरी म्हणतील असं मला उगाचच वाटलं होतं. ते म्हणाले, "चल रे, गाडी काड. जेवणाक उशीर जाता." आणि बाहेर पडले. जेवून झोप काढायची वेळ झाली होती, ती काय चुकवणार!

बाबल थांबला. त्याने एक प्रत मागितली. इंग्रजी मजकूर वरपासून खालपर्यंत बघितला आणि कागद माझ्यापुढे धरून विचारलं, "बाय, हयसर खय लिवलां हा? मी निजलंय नाय म्हणान?"

मी कागद पुन्हा वाचला. कॅमेरा होता, परावर्तन होतं, सॉफ्टवेअरचं व्हर्जन होतं, माझी चूक होती. बाबल त्यात कुठेच नव्हता.

मी पेन घेतलं आणि खाली मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: ड्रायव्हर जागा होता. सही केली, शिक्का मारला. त्याने ती ओळ बोटाने वाचली, कागदाची घडी शर्टाच्या खिशात घातली आणि वरून खिसा थोपटला. बाहेर पात्रांव हॉर्न वाजवत होते. तो सावकाश गेला.

तेव्हापासून माझ्या जॉबकार्डावर पहिला प्रश्न हाताने लिहिलेला असतो: येताना गाडीतून काय काढलंत? मॅनेजर म्हणतात, हा काय प्रश्न झाला. लोक आधी चिडतात, मग आठवायला लागतात. लॅपटॉप मी त्यानंतर जोडते.