इब्राहीमच्या परसात आलेला कॅमेरा

इब्राहीम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरुडच्या एसटी स्टँडवर होतो. त्याची बायको हमीदाभाभी एवढंच म्हणाल्या, "दत्ताभाऊ, तुमचा दोस्त गेला." हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला आता दीड महिना होईल. मला मात्र वाटत राहतं की तो भीतीने गेला... आणि त्या भीतीत थोडा वाटा माझाही होता.

शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे त्याने बावीस वर्षं कुवेतला काढली. परत आल्यावर मासेमारीच्या बोटींवर काम करणाऱ्या चार बंगाली खलाशांना त्याने परसातली खोली दिली. मी विचारलं तर म्हणाला, "कुवेतला पहिला आठवडा मी मशिदीच्या पायरीवर काढला रे. ह्यांच्या डोक्यावर तरी छप्पर असू दे."

निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी बाजारपेठेत सभेला आले. किनाऱ्यावर घुसखोर भरलेत, म्हणाले. नाव कोणाचंच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका वाहिनीची माणसं कॅमेरा घेऊन थेट इब्राहीमच्या परसात. दोरीवरच्या लुंग्या, स्टोव्हवरचा भात, बिचकलेले चार चेहरे... संध्याकाळी पडद्यावर लाल अक्षरं झळकली, 'मुरुडमध्ये घुसखोरांचा अड्डा'. ती क्लिप आमच्या व्हॉट्सॲप गटावर आली आणि मी नीट न बघताच पुढे पाठवली. पुन्हा पाहिली तेव्हा लुंग्यांमागची विहीर ओळखीची वाटली. लहानपणी मी तिच्यात पोहायला शिकलो होतो.

पोलिसांनी चौघांना नेलं. इब्राहीम शाळा सोडल्याचा दाखला घेऊन माझ्याकडे आला. "दत्ता, ठाण्यात चल जरा. सांग, ह्याला मी लहानपणापासून वळखतो. मलाच विचारतायत, तू मूळचा कुठला."

"उद्या जाऊ," मी म्हणालो. माझा मुलगा त्याच पुढाऱ्यांच्या कार्यालयात कामाला होता. मी घाबरलो. इब्राहीमने दाखल्याची घडी घातली आणि एकटाच गेला.

चौघांचे कागद खरे निघाले. पाचव्या दिवशी त्यांना सोडलं, पण ती बातमी कोणी दाखवली नाही. खलाशी गाव सोडून गेले. गल्लीतली पोरं इब्राहीमला हसत म्हणायची, "चाचा, कागद तयार ठेवा हां!" तोही हसायचा, पण बाजारात येणं त्याने बंद केलं. मी माफी मागायला गेलो, तर म्हणाला, "जाऊ दे, तुला पण पोरंबाळं हायत." क्लिपचं मात्र मी सांगितलं नाही... आता कोणाला सांगू?

परवा त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बंद. बातम्यांत कोणीतरी हात उगारून बोलत होतं.

"हे असाच बघायचे," भाभी म्हणाल्या. "बाहेर गाडी थांबली तर ऐकू यायला हवी म्हणून. मलाही तीच सवय लागली."

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. भाभींच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो.

गॅसवाल्याचा टेंपो होता.