मुक्काम सांगणारा दामू

"मास्तर, आता रविवारी येऊ नोका."

शाळेच्या व्हरांड्यात टोपी हातात धरून उभा असलेला हरीभाऊ एवढंच बोलला. अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं निघून, बडनेऱ्याला गाडी बदलून तो अमरावतीला आला होता आणि माझा तास संपेपर्यंत बाहेर गुपचूप थांबला होता. तार का केली नाहीस, असं मी विचारलं. "तारंत काय लिवू?" म्हणाला. मग काही विचारायची गरज उरली नाही. दामोदर तायडे, माझा दामू, आदल्या संध्याकाळी गेला होता. दुपारच्या गाडीनं आम्ही दोघं अकोल्याला गेलो. माणसं माझ्यासाठी थांबली होती. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही, आणि जे आठवतं ते लिहावंसं वाटत नाही. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. लोक म्हणतात, दिवस गेले की दुःख हलकं होतं. असेल. माझं अजून झालेलं नाही, आणि होईल असं लक्षणही दिसत नाही.

दामू कोण, हे वाचकांना सांगायला हवं. तो कोणी मोठा माणूस नव्हता. जठारपेठेतल्या एका दुकानात तो नोकरीला होता. दुकान वह्या-पुस्तकांचं, पण अर्ध्या भागात खेळणी आणि खेळ. आम्ही दोघं अकोल्याच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तरकी धरली. आधी धामणगावला आणि मग अमरावतीला. तो त्या दुकानात शिरला तो शिरलाच. दिवाळीच्या आधी मुंबईहून नवे खेळ यायचे. पेटी स्टेशनावरून दुकानात येते न येते तोच दामू तिच्यावर झडप घालायचा. शेटजींच्या आधी तो खेळ उघडणार, पट पसरणार, नियमांचा कागद दोनदा वाचणार आणि मग निकाल देणार. आणि निकाल असा की गिऱ्हाईकानं दुकानातून पळ काढावा! सापशिडीबद्दल म्हणायचा, "साप चावला तं खाली ये, शिडी लागली तं वर जा. यात तू काय केलं, लेका? काहीच नाही." ल्युडोवर त्याचा फारच राग. "फिरून फिरून आपल्याच घरी जाऊन बसाचं, तं निंघालाच काहून?" एका वर्षी शहरं विकत घ्यायचा एक खेळ आला. चकचकीत पट, खोट्या नोटा, सगळ्या अकोल्यात त्याची हवा. दामूनं तो आठवडाभर खेळून पाहिला आणि एका वकिलाला तोंडावर सांगितलं, "घ्या, पन सांगून ठेवतो, साहेब. यातली गावं इकत घेता येतात, पन त्या गावात कोनी राहातच नाही." वकिलानं खेळ परत ठेवला. शेटजींनी कपाळावर हात मारला.

मी एकदा त्याला म्हणालो की बाबा रे, खेळ तो खेळ, त्यात एवढं काय? तेव्हा त्यानं ल्युडोची लाल गोटी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "हे कोन हाये, सांग बरं? कोठचा? काय येते याले? कायले भेते? काहीच मालूम नाही ना? मंग हे मेलं काय अन् जगलं काय, तुले काय वाटनार?" मी ती गोटी परत पटावर ठेवली. शाळामास्तराला सहसा कोणी असं शिकवत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

छप्पन साली दामूच्या घरानं धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यानं आपला स्वतःचा खेळ सुरू केला आणि त्याला नाव दिलं 'मुक्काम'. घरातली फरशी हाच पट. तिच्यावर खडूनं वाटा, डोंगर, गावं काढलेली. सात कवड्या. सोंगट्या घरातल्याच वस्तूंच्या. पण खेळण्याआधी प्रत्येकानं आपला माणूस घडवायचा: त्याचं नाव, त्याचा धंदा, त्याला काय चांगलं येतं आणि त्याला कशाचं भेव आहे. भेव नसलेल्या माणसाला दामू खेळात घेतच नसे. कोण व्हायचं ते कवड्यांवर का ठरवत नाहीस, असं हरीभाऊनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दामू हसला नाही. म्हणाला, "जलम आतापर्यंत दुसऱ्यायनंच ठरवला आपला. इथं तरी आपल्या मनानं घ्या."

हरीभाऊ हा अकोल्याजवळचा शेतकरी. मातीनं रापलेल्या हातांचा, मोजकं बोलणारा. तो दुकानात पुतण्यासाठी पाटी घ्यायला आला आणि दामूच्या बडबडीत अडकला तो कायमचा. त्यानं आपला माणूस घेतला गवई. घरी कधी तोंडातून सूर न काढलेला हा गडी खेळात गायचा, आणि इतका बेसूर की शेजारची म्हातारी भिंतीवर थाप मारायची. मी घेतला वैद्य. माझी सोंगटी म्हणजे एक हिरडा. आणि गोदावरीवहिनी, दामूची बायको, त्या झाल्या दरोडेखोरीण. एवढ्याशा, पदर डोक्यावरून न ढळणाऱ्या वहिनी! सोंगटी मिऱ्याचा दाणा. "लहान हाये पन झोंबते," असं दामू म्हणायचा आणि वहिनी लाजायच्या. मग पुढच्याच डावात सावकाराची गढी फोडायच्या.

दर पंधरवड्याच्या रविवारी मी अमरावतीहून जायचो. दुपारी जेवणं झाली की फरशी पुसली जायची. दामू स्वतः कोणी नसायचा. तो सांगायचा. पुढं वाट फुटली आहे, डावीकडे धूर दिसतो आहे, उजवीकडे कुत्री भुंकताहेत... आणि मग हाताची घडी घालून थांबायचा. आपण ठरवायचं, करायचं, कवड्या टाकायच्या. आता यातली मेख सांगतो, कारण तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. किती उताण्या पडल्या म्हणजे काय घडलं, याचा तक्ता नव्हता. तीन पडल्या की हरीभाऊला वाट सापडायची, आणि त्याच तीन मला पडल्या की माझं औषध सांडायचं. हा अन्याय आहे, असं मी पुष्कळदा भांडलो. दामूचं उत्तर एकच, "कवड्या सारख्याच पडतात, बापा. मानसं सारखी हायेत का?" आणि गंमत अशी की तो जे सांगायचा ते नेहमी पटायचं. गर्वानं बोललो की तीन वाईट असायचे, घाबरत का होईना पण मनापासून काही केलं की तेच तीन चांगले. तो कवड्यांपेक्षा आमची तोंडं जास्त बघायचा.

वहिनींनी आपल्या दरोडेखोरणीचं भेव सांगितलं होतं, रडतं लेकरू. त्यांचं पहिलं आणि एकुलतं मूल बाळंतपणातच गेलं होतं. इतकी वर्षं खेळ चालला, शेकडो गावं आम्ही पालथी घातली, जत्रा, लग्नं, पूर, साथी सगळं झालं, पण दामूच्या एकाही गावात कधी लेकरू रडलं नाही. माझ्या वैद्याचं भेव पाणी. माझा धाकटा भाऊ डोहात बुडाला तेव्हा मी काठावर होतो, नऊ-दहा वर्षांचा असेन. हे दामूला ठाऊक होतं. एका बाकावरच्या पोराला काय ठाऊक नसतं? माझ्या वाटेवर नदी आली की तिथं नेमका पूल असायचा, नाहीतर उन्हाळा.

एकदा मुंबईहून खेळ विकणाऱ्या कंपनीचा माणूस दुकानात आला. शेटजींनीच कौतुकानं त्याला दामूच्या घरी पाठवलं. माणूस चांगला होता, पाटलोण चुरगळेल याची पर्वा न करता फरशीवर बसला. संध्याकाळपर्यंत खेळला, एका पुजाऱ्याच्या सोंगात चोरी करताना पकडला गेला आणि पोट धरून हसला. जाताना मात्र गंभीर झाला. म्हणाला, "तायडे, असा खेळ मी पाहिला नाही. पण हा पेटीत कसा भरू? पट भरीन, कवड्या भरीन. तुम्हाला कसं भरू?" दामूनं हसून त्याला स्टेशनापर्यंत सोडलं. मला वाटलं, विषय मिटला. मिटला नव्हता. त्यानंतर दामूच्या मनानं एकच घेतलं, की हा खेळ आपल्यावाचून चालला पाहिजे. "माह्यासंग गेला तं कायचा खेळ?" असं तो वारंवार म्हणू लागला. तेव्हा त्याला दम लागायला सुरुवात झालेली होती.

लहानपणच्या तापानं त्याच्या हृदयाची झडप बिघडलेली, हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. काही करता येण्याजोगं नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि मऊ आवाजात सांगितलं. वहिनींनी देवाबिवाचं नाव काढलं नाही. त्यांनी त्याचं जिने चढणं बंद केलं, मीठ बंद केलं आणि रविवार मात्र चालू ठेवले.

त्यानं मला तयार करायचं ठरवलं. "तू मास्तर हायेस, तुले सांगता येते," म्हणाला. एका रविवारी तो भिंतीला टेकून बसला आणि मी मुक्काम सांगितला. मी आठवडाभर तयारी केली होती. डोंगराची उंची, किल्ल्याचे दरवाजे, राजाची वंशावळ, सगळं चोख. अर्ध्या तासात हरीभाऊ पेंगायला लागला. वहिनी चहा करायला उठल्या त्या परत आल्याच नाहीत. दामू म्हणाला, "भास्कर, तू फळ्याकडं पाहून सांगून राहिला. मानसाकडं पाय." मी पुन्हा प्रयत्न केला, पुढच्या खेपेला पुन्हा केला. पालथ्या घड्यावर पाणी! माणसाकडे बघितलं तरी मला माणूसच दिसायचा. त्याच्या आतलं जे दामूला दिसायचं ते दिसत नव्हतं. ते शिकवता येत नाही. हे त्यालाही कळलं, आणि ते कळलेलं त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. आजाराच्या बातमीनंही तो इतका खचला नव्हता.

शेवटच्या रविवारी तो पलंगावर उशांना रेलून बसला होता. पाय सुजलेले, ओठ निळसर. हरीभाऊ म्हणाला, आज राहू द्या. दामूनं ऐकलं नाही. त्याच्या सांगण्यावरून वहिनींनी फरशीवर खडूनं एक रुंद रेघ ओढली, मग तिच्या शेजारी दुसरी. दामू माझ्याकडे बघून म्हणाला, "नदी हाये. पूल नाही. पलीकडच्या गावात साथ आली, लोकं वैद्याची वाट पाहून राह्यले." इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला राग आला, खरंच सांगतो. मरायला टेकलेल्या मित्राचा मला राग आला. हरीभाऊ दोर टाकतो म्हणाला, वहिनी पाठीवर घेते म्हणाल्या. दामूनं मान हलवली. "थ्याले इचारा. वैद्या, तू काय करतं?"

मी हिरडा उचलला आणि दोन रेघांच्या मधोमध ठेवला. "जातो," म्हणालो. वहिनींनी तोंड फिरवलं. मी कवड्या टाकल्या. पाच उताण्या, दोन पालथ्या.

दामूनं वाकून कवड्या पाहिल्या. मग मला पाहिलं, खूप वेळ. त्याचा चेहरा उजळला, का मला तसं वाटलं, देव जाणे. काही सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. वहिनींनी पाणी दिलं, पाठ चोळली. श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "दमलो, लेका. पुढच्या खेपेला आला की सांगतो. कोनी हलवू नोका, इथूनच पुढं जाऊ." माझी गाडी निघायची वेळ झाली होती. गुरुवारी तो गेला.

दामूच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला वंदना झाली, माणसं जेवून पांगली आणि आम्ही तिघंच उरलो. वहिनींनी पलंगाशेजारी पालथी घातलेली दुरडी उचलली. तिच्याखाली सात कवड्या जशा पडल्या तशाच होत्या, आणि दोन रेघांमध्ये हिरडा. इतक्या माणसांच्या वर्दळीत, तशा त्या दिवसातही, ही बाई त्या दुरडीभोवती वळसा घालून झाडत होती.

"मास्तर, तुमी पार झाले," हरीभाऊ म्हणाला. "पाच म्हंजे मोठं दान. पार झालेच."

"यायनं असं कधी दानावरून सांगतलं काय?" वहिनी म्हणाल्या. "एक डाव पाच पडले तवा माही गढी जळाली होती."

"मंग तुमीच सांगा, वहिनी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दामू बघायचा तसं बघायचा त्यांनी प्रयत्न केला, मला ते दिसत होतं. मग त्यांचे डोळे भरून आले. "नाही सांगता येत, भाऊजी," त्या म्हणाल्या. "काहीतरी सांगीन, पन थे खरं नसन."

मी म्हणालो, वहिनी, आता उचला या कवड्या. किती दिवस असं झाडाल? त्या म्हणाल्या, "उचलल्यावर तं नुसत्या सात कवड्या."

आताही मी अधूनमधून जातो. हरीभाऊ येतो, वहिनी चहा टाकतात, कापसाच्या आणि पावसाच्या गोष्टी निघतात. मुंबईहून यंदाचे नवे खेळ आलेत म्हणे. दुकानावरून गेलो पण आत पाऊल टाकवलं नाही. आमच्यापैकी कोणी सांगायचा प्रयत्न आता करत नाही. मागच्या खेपेला वहिनी आत गेल्या तेव्हा मी दुरडी जरा उचलून पाहिली. पाच उताण्या, दोन पालथ्या. पाच हे सगळ्या जगाला मोजता येतात. मला पडलेले पाच म्हणजे काय, हे सांगू शकणारा एकच माणूस होता... मी दुरडी होती तशी झाकली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.