जावईबापूंची गूळतुला

गेल्या वर्षी मी सोळा किलो वजन कमी केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर.

सुरुवात अगदी प्रामाणिक होती. आमच्या अंबडच्या कारखान्यात एक कोटवाले सर 'ध्येय कसं गाठावं' यावर बोलायला आले होते. ध्येय आकड्यात हवं, त्याला मुदत हवी आणि ते चारचौघांत जाहीर करावं, म्हणजे लाजेखातर तरी माणूस ते पुरं करतो, असं ते म्हणाले. (माझी लाज किती सोशिक आहे, याची सरांना कल्पना नव्हती.) मी त्याच दुपारी जाहीर करून टाकलं, "आज वजन ९४. आठ महिन्यांत ७८ करणार. दर सोमवारी आकडा कळवीन." आणि हे जाहीर कुठे करावं? तर सासरच्या ग्रुपवर! नामपूरच्या माझ्या सासूबाई, मेहुणा प्रकाश आणि चुलत-मावस धरून त्रेचाळीस माणसं त्या ग्रुपवर होती.

पहिले दोन सोमवार खरे होते. साडेत्र्याण्णव, मग त्र्याण्णव. तिसऱ्या रविवारी गंगापूर रोडला मित्रांबरोबर मिसळ खायला गेलो आणि सोमवारी काट्यानं पुन्हा चौऱ्याण्णव दाखवले. आता आदल्या आठवड्यात ज्या माणसाला सत्तावीस अंगठे आणि एक फिरतं गुलाबाचं फूल मिळालंय, त्यानं चौऱ्याण्णव लिहायचं कसं? मी साडेब्याण्णव लिहिलं. पुढे तर काट्यावर उभं राहायचंच सोडलं. दर सोमवारी दात घासता घासता अर्धा किलो कमी करायचो!

"अहो," बायको म्हणाली, "ग्रुपवर तुमचं वजन उतरतंय आणि इथे मी तुमच्या पँटी उसवून सैल करतेय. आईला खरं सांगून टाका."

"सांगतो ना! जरा खरं होऊ दे, मग सांगतो."

आठ महिन्यांनी मी 'अठ्ठ्याहत्तर' लिहून मोकळा झालो. वाटलं, सुटलो. दहाच मिनिटांत सासूबाईंचा फोन आला. आवाज रडवेला.

"जावईबापू, देवी पावली! मी नवस बोलले होते. तुमचं वजन उतरलं का देवीपुढं तुमची गूळतुला करीन, आन् तोवर चहाला शिवणार नाही."

(गूळतुला म्हणजे एका पारड्यात माणूस आणि दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ.) माझ्या पोटात गोळा आला. पोटात जागा नव्हती, तरी आला. सासूबाई म्हणजे दिवसाला सहा कप चहा घेणारी बाई. माझ्या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या थापांवर विसंबून त्या माउलीनं आठ महिने चहा सोडला होता! त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "कशाला एवढं, आई?"

"पुढल्या मंगळवारी या. तुला झाली का तिथंच पहिला घोट घेईन."

हातात आठ दिवस होते. काकडी आणि गरम पाण्यावर राहिलो. सातव्या दिवशी चक्कर आली, बायकोनं घाबरून तुपातला शिरा खाऊ घातला आणि आठव्या दिवशी काट्याकडे बघायचा मला धीर झाला नाही.

मंगळवारी बायकोसह नामपूरला पोहोचलो. प्रकाश कांद्याचा व्यापारी. त्यानं आपल्या खळ्यावरचा जुना भला मोठा तराजू आणून देवळापुढच्या लिंबाला टांगला होता. एका पारड्यात झेंडूनं सजवलेला, मोजून अठ्ठ्याहत्तर किलो गूळ. निम्मं गाव हजर. सगळ्यांच्या पुढे सासूबाई, हातात बशीनं झाकलेला चहाचा कप.

मी चपला काढल्या. मग घड्याळ, मोबाइल, कंबरेचा पट्टा.

"दाजी, अजून काय काय काढता?" प्रकाशनं विचारलं.

देवीचं नाव घेतलं, श्वास रोखला आणि बसलो. धप्प! माझं पारडं जमिनीला टेकलं आणि समोरचा गूळ झेंडूसकट वर गेला. वाजंत्री थांबली.

"काय व्हयनं रे?" काय झालं म्हणून मागून एका म्हाताऱ्यानं अहिराणीत विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं आणि क्षणाचाही विचार न करता पोटच्या पोराला म्हणाल्या, "परकास, तुना काटा खराब शे."

झालं! "खराब शे?" म्हातारा ताडकन उठला. "मंग मना कांदा?"

"आमना बी!" आणखी चौघं उठले. त्या काट्यावर तोलून प्रकाशला विकलेला इतक्या वर्षांचा कांदा एकदम संशयात आला.

प्रकाश लालबुंद झाला. "माझा काटा तसूभर हलत नाय! आई, जावयासाठी माझं नाव घालवती का?" माय-लेकाची जुंपली आणि मध्ये मी, गळ्यात हार घालून, पारड्यात! हळूच उठू लागलो तर गुरव ओरडले, "उठू नका पाव्हणं! पारडी बरोबर झाल्याशिवाय उतरता येत नाय. देवीचं काम हाय!"

माझ्या थापेपायी मेहुण्याची अब्रू जात होती आणि सासूबाई अजून माझीच बाजू घेत होत्या. शरमेनं कान तापले. "काटा बरोबर आहे," मी पुटपुटलो. कुणी ऐकलं नाही. मग ओरडलो, "काटा बरोबर आहे! मीच खोटं लिहीत होतो! मी चौऱ्याण्णवच आहे!"

दोन माणसं वाण्याकडे गूळ आणायला पळाली. किलोकिलोच्या ढेपा पडू लागल्या आणि अख्खं गाव मोठ्यानं मोजू लागलं. "ब्याण्णव... त्र्याण्णव... चौऱ्याण्णव!" पारडं हलेना. "पंच्याण्णव!" मी डोळे मिटून घेतले.

"सत्त्याण्णव!" शेवटची ढेप ठेवत प्रकाशनं जाहीर केलं. "दाजी, कबुलीतबी तीन किलोची थाप?"

"यंदा प्रसाद मोप हाय," कुणीतरी म्हणालं.

मी जाऊन सासूबाईंचे पाय धरले. हातातला कप त्यांनी माझ्या बायकोपुढे केला. "सुनी, तू घे. माझा नवस फिटला नाय अजून." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. परतीच्या एसटीत सटाणा येईपर्यंत मी बायकोच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

याला आता चार महिने झाले. दर सोमवारी बायको नामपूरला व्हिडिओ कॉल लावते आणि सगळ्यांसमोर मला काट्यावर उभं करते. काल एक्क्याण्णव भरलो, अगदी खरेखुरे. सासूबाईंचा चहा अजून बंदच आहे. त्या रागवत नाहीत. फक्त रोज संध्याकाळी फोन करून विचारतात, "जावईबापू, ह्या जन्मात मिळंल ना मला चहा?"

आणि मी तोंडातली शंकरपाळी घाईघाईनं गिळून सांगतो, "हो आई, आता थोडंच राहिलंय."