ज्योतीचं इलेक्ट्रोडायनामिक्स

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात बीएस्सीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलत नाही म्हणून एक मुलगी रडवेली झाली होती आणि मी तिची जोडणी तपासत होते, तेवढ्यात ज्योतीच्या भावाचा जळगावजवळच्या असोद्याहून फोन आला. "ताई... ज्योती गेली पहाटे." मी "बरं" म्हटलं. खरंच, एवढंच म्हटलं. मग त्या मुलीची सुटलेली वायर लावून दिली आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले. वर्षभर रक्ताच्या कॅन्सरशी झुंज चालली होती, हा फोन कधीतरी येणार हे माहीत होतं. माहीत असून काही उपयोग होत नाही.

जळगावला एमएस्सी फिजिक्स करताना मी आणि ज्योती हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. मी शिंदखेड्याची, अहिराणी बोलणारी; ती असोद्याच्या केळीवाल्या घरातली, तिची बोली निराळी. एकमेकींच्या बोलीला हसण्यात पहिले महिने गेले आणि पाठोपाठ इलेक्ट्रोडायनामिक्सचा पेपर उभा राहिला. या विषयात आमची ठरलेली फजिती होती. तालुक्याच्या कॉलेजांत जुन्या पुस्तकांतून एका एककपद्धतीत शिकलेलो, विद्यापीठात दुसरीच. सूत्र इकडचं, किंमत तिकडची. 'फोर पाय' कुठे लिहायचा आणि कुठे नाही, यातच अर्धा वर्ग गारद. बाकीच्यांनी सिद्धता घोकल्या आणि सुटले, मीही त्यांतलीच. ज्योतीने घोकलं नाही. ती नापास झाली.

तिचे वडील, नाना, काही वाईट माणूस नव्हते. पण हॉस्टेलच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, "एक डाव पुन्हा बस. नाई झालं तं घरी ये, पाहुणे पाहू." खोलीत आल्यावर मी म्हटलं, "आता तरी पाठ कर बाई. पाठ केल्याने काय तोंड वाकडं होतं?" ती म्हणाली, "मले समजलं नाई ते मी लिवनार नाई. आन समजल्याबिगर घरी जानार बी नाई."

तिने पहिल्या धड्यापासून सुरुवात केली, आणि मलाही धरून बसवलं. कागदाला पेन लावण्याआधी ते घरच्या बोलीत सांगायचं, असा तिचा नियम. बोलीत सांगता आलं नाही, तर समजलं नाही. दूरच्या विद्युतभारात बदल झाला तरी त्याची खबर आपल्यापर्यंत उशिराच पोचते, हे तिने मला केळीच्या बागेतून शिकवलं. "विहिरीवरची मोटर बंद केली तरी शेवटच्या सरीत पानी येतच राह्यते ना व? तिथल्या केळीले वाटते, मोटर चालूच आहे." मी म्हटलं, "बठ्ठं समजनं, सगळं समजलं." "मंग सांग तुह्या बोलीत," म्हणाली, आणि मी अडखळले. झालं... पुन्हा पहिल्यापासून! ती त्या पेपरात पास झाली. गुण बेताचेच होते, पण नाना पेढे घेऊन आले तेव्हा पाहुण्यांचा विषय कुणी काढला नाही. मला स्वतःच्या निकालापेक्षा तिच्या निकालाचा आनंद जास्त झाला होता.

पुढे ती जळगावात शिकवू लागली, मी धुळ्यात. असोद्याच्या घरी, वरच्या खोलीत, दर रविवारी ती याच पेपरात अडकलेल्या मुलामुलींना घेऊन बसायची. आजारपणातही वर्ग सुटला नाही. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, आवाजाची जरब तशीच. शेवटचं भेटायला गेले तेव्हा मला रडू आलं, तर चिडलीच. "रडनं मंग करजो. पोरांचा रेडिएशनचा धडा राह्यला, काहींची तं शेवटची संधी आहे व. तू ये." मी म्हटलं, "अगं, माझं शिकवणं बीएस्सीपुरतं. रेडिएशन मी कधीच विसरले." ती म्हणाली, "मंग जरा लवकर ये."

दशक्रियेनंतरच्या रविवारी मी पहिली बस धरली. मुलांना वर्ग बंद झाल्याचं कळवू का, असं तिच्या भावाने विचारलं होतं. मी नाही म्हटलं, पण पुढे काय करणार ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. वर गेले तर सगळी आली होती. फळ्यापाशी एक खुर्ची होती. शिकवताना आड येईल म्हणून मी ती सरकवायला गेले, तर नशिराबादची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ती राहू द्या. ज्याला समजलं नाही तो तिथे बसतो. त्याला समजेपर्यंत बाकीच्यांनी एकेक करून फळ्यावर सांगायचं. ज्योती मॅडम मागे आमच्यात बसायच्या."

"मग आज कोण बसतंय?" मी विचारलं. सगळ्यांच्या माना खाली. नव्या बाईंसमोर आपलं अडलेलं कोण दाखवणार? पेपर तोंडावर आलेला, आणि खुर्ची रिकामी. मला ज्योतीचा भयंकर राग आला, आणि तिची तेवढीच आठवण आली. मी पर्स खाली ठेवली आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

"रेडिएशन," मी म्हटलं. "माले समजत नई. सांगा. समजेपर्यंत मी इथून उठत नाही."

नशिराबादच्या मुलीने ओढणी खोचली आणि खडू घेतला.