चौकड्याच्या निऱ्या

शाळेच्या बँडमधल्या पोरांना घागरे शिवायचे ठरले, तेव्हा गंगापूरहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बाप्या माणसाला परकर? अन् वर ढोल वाजवणार? लई शोभतंय!"

बँडच्या सरांनी चित्र दाखवलं होतं. गोऱ्या पलटणीतले सोल्जर, गुडघ्यापर्यंत चौकड्याचा घागरा, पुढून सपाट, मागून निऱ्या. सर त्याला किल्ट म्हणायचे, आम्ही घागराच.

शिवायचं काम माझ्याकडं आलं. येणारच. उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या बायकांची पोलकी माझ्या मशीनवरची. कुणी शिकवलं नाय, जुने कपडे उसवून उसवून शिकले. पण कापड निवडायला सरांनी कुणाला सांगावं? माझ्या धाकट्या जावेला! म्हणे, "तुम्हाला रंगाची जाण आहे." तिचा पोरगा बँडमध्ये, तसा माझाही होता की. तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही हो. पण उंच, गोरी, अन् पदर घ्यायची ढब अशी की बघणाऱ्यानं बघतच राहावं. तिथंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

"मीपण येते," म्हटलं. "कापड किती लागतं ते तुला काय कळणार?"

"या की ताई, तुमच्याशिवाय कुठं जमतंय मला?" इतकं गोड बोलली की आणखीच राग आला.

गुलमंडीच्या दुकानात म्हाताऱ्या चाचांनी तागे उलगडले. "पोलीस अ‍ॅक्शनके पहले छावनीके बँडको हमारे वालिद कपडा देते थे," म्हणाले. जावेनं एका लाल ताग्यावर हात ठेवला. मोठमोठे चौकडे, मधून बारीक पिवळी रेघ. "हेच घेऊ." कापड देखणं होतं, खोटं कशाला बोलू? म्हणून तर मला ते नको होतं.

मी ते ओढलं आणि लुगड्याला घालतो तशा निऱ्या घातल्या. पिवळी रेघ कुठं वर, कुठं आत गडप. "बघ. रेघ धरून निऱ्या घ्यायच्या तर दुप्पट कापड लागेल." मग बारीक चौकड्याचा, तशाच पिवळ्या रेघेचा हिरवा तागा उघडला. त्याच्या निऱ्या घातल्या तर प्रत्येक निरीवर रेघ बरोबर मधोमध. जिंकले ना मी?

कशाची! जावेनं तो हिरवा माझ्या हातातून निऱ्यांसकट घेतला, साडीवरूनच कमरेला लावला आणि आरशापुढं उभी राहिली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. चाचा म्हणाले, "वा बेटी, क्या पसंद है तुम्हारी!"

तुम्हारी!

मीही लावून बघितलं कमरेला. चाचा कात्री शोधायला लागले.

सव्वीस जानेवारीला पोरं मैदानात चालली तेव्हा मागच्या निऱ्या हलायच्या आणि सगळ्यांची पिवळी रेघ एकदम झुलायची. सासूबाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सर माईकवर म्हणाले, "इतकं सुंदर कापड निवडून देणाऱ्या वहिनींचे आभार." नारळ जावेला. "आणि शिवणकामाला मदत करणाऱ्या सर्वांचेही." सर्व म्हणजे मी आणि माझं मशीन!

घरी येऊन तिनं नारळ माझ्या हातात ठेवला. "ताई, खरं तर हा तुमचाच." मी त्याच्या वड्या केल्या, घरभर वाटल्या. स्वतः एक खाल्ली नाही.

उरलेल्या कापडाची मी पिशवी शिवली, रेघेला रेघ जुळवून. परवा मुकुंदवाडीच्या बाजारात जाऊ भेटली. आता दोघींचेही केस पांढरे. पिशवी बघून म्हणाली, "अगंबाई, माझ्या पसंतीचं कापड अजून टिकलंय! द्या ना ताई मला, आठवण म्हणून."

मी पिशवी उलटी करून दाखवली. "ही शिवण कुणाची?"

"तुमची."

"व्हय ना? मग पिशवीपण माझी."

ती हसली, भाजीवालीच्या ढिगातून एक मेथीची जुडी काढली आणि माझ्या पिशवीत टाकली. घरी येऊन निवडायला घेतली, तर एक पान किडकं निघेल तर शपथ. मेलीची नजरच तशी.